जोडणी निर्दोष, आज्ञा सदोष
संगणकीय कारभारातील एक आवश्यक दक्षता

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली व त्यानंतर बरोबर एक वर्षाने कल्याण-डोंबिवली परिसरासाठी महानगरपालिका स्थापन झाली. वाढत्या लोकवस्तीबरोबर कर भरणाऱ्यांच्या रांगाही वाढल्या. कल्याण-डोंबिवलीत संगणकीकृत नागरी सुविधा केंद्राचा प्रयोग करण्यात आला व पुढे तो राज्यातील इतर नागरी संस्थांना मार्गदर्शक ठरला. अशा केंद्राचा कारभार ज्या यंत्रणेवर चालतो, तिच्यातील एका बारकाव्याचा येथे परिचय करून दिला आहे.

खिडकीवरील प्रत्येक कामासाठी डेटाबेसशी नवी जोडणी उघडणे वेळखाऊ असते. म्हणून काही जोडण्या आधीच उघडून ठेवल्या जातात. काम असेल तेव्हा त्यांतील एक घ्यावयाची व काम संपताच परत करावयाची. या व्यवस्थेस ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. नेहमी लागणाऱ्या आज्ञाही छापील नमुन्याप्रमाणे तयार ठेवल्या जातात. त्यांत केवळ मालमत्ता क्रमांक भरावयाचा असतो.

बिघाडाचे तीन प्रकार

नियम बदलला की जुना छापील नमुना निरुपयोगी ठरतो. त्याचप्रमाणे कराच्या तक्त्याची रचना बदलल्यास तयार आज्ञा अवैध ठरू शकते. अशा वेळी नमुन्याचा गठ्ठा बाजूस ठेवावयाचा असतो. खिडकी बंद करावयाची नसते. जोडणीच तुटली असेल, तर मात्र ती पूलमधून काढून टाकावी लागते. आणि क्रमांक चुकीचा टंकला गेला असेल, तर जोडणी व आज्ञा दोन्ही निर्दोष असतात. दुरुस्ती फक्त माहितीत करावयाची असते.

हा भेद ओळखता यावा म्हणून जावा प्रणालीच्या २००६ मधील सहाव्या आवृत्तीत ‘स्टेटमेंट इव्हेंट’ची सोय करण्यात आली. आज्ञा अवैध असल्याचे आढळताच डेटाबेसचा ड्रायव्हर, मूळ कार्यक्रमास त्रुटी कळविण्यापूर्वीच, पूलच्या व्यवस्थापकास वर्दी देतो. व्यवस्थापक तेवढीच आज्ञा साठ्यातून वगळतो व पुढील मागणीच्या वेळी ती नव्याने तयार होते. मात्र प्रत्येक ड्रायव्हर अशी वर्दी देतोच असे नाही. त्याची खात्री आधी करून घेणे इष्ट होय.

नागरिकांच्या पैशांचा प्रश्न

वर्दी मिळाली म्हणजे काम संपले असे नव्हे. भरणा अर्धवट नोंदला गेला असेल, तर संपूर्ण व्यवहार आधी रद्द करावा लागतो. तसे न करता जोडणी पूलमध्ये परत गेल्यास पुढील नागरिकाच्या व्यवहारात घोटाळा होऊ शकतो. खात्री न करता तीच आज्ञा पुन्हा पाठविल्यास दुबार नोंद होण्याचा संभव असतो. प्रत्येक त्रुटीची वेळ व कारण यांची नोंदही ठेवली पाहिजे.

तक्त्यांत बदल करताना जुन्या आज्ञांचे काय होणार, हा प्रश्न अधिकाऱ्यांनी संगणक विभागास अवश्य विचारावा. पैसे भरणाऱ्या नागरिकास या यंत्रणेची माहिती असण्याचे कारण नाही. हाती आलेली पावती खरी असावी, एवढीच त्याची रास्त अपेक्षा असते.