संचालक मंडळात माणसांचा जाणकार हवा

सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळात ऊस कळणारे पुष्कळ असतात, हिशेब कळणारे दोन-चार आणि राजकारण तर सगळ्यांनाच कळते. कामगार कळणारा मात्र शोधावा लागतो. कामगार अधिकारी म्हणून नोकरीला लागलो तेव्हापासून मी हे सांगत आलो आणि आता निवृत्तीनंतर राहुरीत राहूनही तेच सांगतो.

कायद्याचा भाग झटपट उरकतो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १७८ने बड्या कंपन्यांना नामनिर्देशन व वेतन समिती सक्तीची केली. पुढे सेबीने संचालकांची कौशल्ये वार्षिक अहवालात छापायला लावली. सरकारी कंपन्यांत कार्मिक संचालकाची खुर्ची मंडळावर असते. नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स घ्या. जर्मनीने तर १९५१ सालीच कोळसा-पोलाद उद्योगात श्रम संचालक व्यवस्थापन मंडळावर बसवला. आपल्या खासगी कंपन्यांत एचआर प्रमुखाला बहुधा मंडळापुढे सादरीकरणापुरतेच बोलावतात.

याला अपवाद कोणता, असे कोणी विचारले की मी पुण्याच्या थरमॅक्सचे नाव घेतो. अनु आगा मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकल्या. १९९१पासून त्यांनी थरमॅक्सचा मनुष्यबळ विभाग सांभाळला आणि १९९६ साली पती रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर त्या अध्यक्ष झाल्या. पुढे कंपनी अडचणीत आली तेव्हा त्यांनी संचालक मंडळच नव्याने बांधले, बाहेरचे स्वतंत्र संचालक आणले आणि घरच्या माणसांना रोजच्या कारभारातून बाजूला केले. हे सारे त्यासाठी नेमलेल्या सल्लागार कंपनीचे श्रेय, असे काही विद्वान लिहितात. सल्ला विकत मिळतो, हे खरे. पण आपल्याच माणसाला ‘तू आता खुर्ची सोड’ असे सांगायला आणि तरीही त्याला आपला ठेवायला माणसांत घालवलेली वर्षे लागतात. २००४मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलीकडे, मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले.

आता साखरेकडे वळतो, कारण माझा जीव तिथेच आहे. प्रवरेचा कारखाना १९५०च्या अखेरीस सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या शेतकऱ्याच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. आपल्याला जे येत नाही ते येणारा माणूस सन्मानाने आणून बसवायचा, ही रीत आमच्याच जिल्ह्याने घालून दिली. २०१३ साली सहकार कायद्यात बदल झाला आणि २१ संचालकांवर आणखी दोन तज्ज्ञ संचालक घेण्याची मुभा मिळाली. त्या जागी कोण बसते? बऱ्याच ठिकाणी उमेदवारी हुकलेल्याची नाराजी काढायला ती जागा वापरली जाते. फार तर एखादे सीए घेतात.

सीए हवाच. पण पॅन हाऊसमधला जुना पॅनमन कधी पाहिला आहे का? उकळत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन तो दिव्यापुढे धरतो आणि दाणा कसा धरतोय ते नजरेने ओळखतो. ही नजर यायला अनेक हंगाम जातात. एका कारखान्यात मी असताना टर्बाइनच्या दरपत्रकावर मंडळाची अख्खी दुपार गेली. ज्येष्ठ पॅनमन एकाच सुमारास निवृत्त होत होते. तो विषय आला शेवटी, ‘नियमाप्रमाणे’ एवढ्या शेऱ्यावर मंजूर झाला. भरती बंद असल्याने हाताखाली कोणी तयार नव्हता. पुढच्या हंगामात दाणा बारीक पडला, जाळीतून निसटला आणि साखर मळीत गेली. ताळेबंदात हे नुकसान ‘उतारा घटला’ म्हणून दिसले. मंडळात माझ्या खात्यातला एक जरी माणूस असता, तरी त्याने दोन वर्षे आधी विचारले असते, की या माणसांच्या हाताखाली कोण शिकतो आहे?

तोडणी मजूर तर हजेरीपटावरही नसतो. मंडळापुढे त्याचा विषय येतो तो मुकादमाने बुडवलेल्या उचलीचा आकडा म्हणून.

पूर्वी पाळी बदलताना लेबर ऑफिसर गेटवर उभा असायचा. कोणाच्या घरी आजार आहे, कोण कर्जात आहे, हे त्याला चेहऱ्यावरून कळायचे. आता अंगठ्याचे यंत्र आहे आणि माणसे ठेकेदाराची. आमच्या राहुरीच्या डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे कारखान्याची चाके थांबली तेव्हा थकीत देण्यांसाठी कामगारांना आंदोलनाला बसावे लागले. कर्जाची चर्चा गावोगाव झाली. पांगलेल्या कुशल कामगारांची कोणी केली नाही. बॉयलर पुन्हा पेटवता येतो. त्यापुढे उभे राहणारे फिटर, पॅनमन, अटेंडंट कोठून आणायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

सभासद बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत उसाच्या भावाचा प्रश्न जरूर विचारा. पण त्यासोबत हेही विचारा, की तज्ज्ञ संचालक कोण आहेत आणि त्यांनी आजवर किती वेतन करार हाताळले आहेत. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.