निळीच्या मागावर

सकाळी ६. चहा उकळेपर्यंत खिडकीतली डबी उघडून पाहिली. २ नोव्हेंबरला कोषात गेलेली अळी आज, १२ तारखेला, फुलपाखरू होऊन बसली होती. शेजारी कोषाची फाटकी साल. पंख वरून जांभळट निळे, म्हणजे नर. मादी बरीचशी तपकिरी असते, निळा रंग तिच्या अंगापाशीच. शास्त्रीय नाव लॅम्पिडेस बोएटिकस, लिनियसनं १७६७ साली ठेवलेलं. आम्ही नुसतं 'निळी' म्हणतो. कीड सर्वेक्षकानं कीड सोडून देणं शोभत नाही, पण एका नरानं काय होतंय? कुंपणावर सोडला.

पावणेआठ. काकांचं तुरीचं रान. पीक डोक्याच्या वर, फुलोरा पिवळाधमक, आणि दवानं दोन मिनिटांत सलवार ओली. निळ्या शेंड्यांवर पंख मिटून ऊन खात होत्या. मागचे पंख एकमेकांवर घासत राहतात. त्यांच्या टोकाला दोऱ्याएवढं शेपूट आणि दोन काळे ठिपके. पाखराला वाटतं तेच डोकं. चोच तिथं मारतं, शेपूट तुटतं, निळी वाचते. तुटक्या शेपटीच्या मला रोज दिसतात.

साडेनऊ. ऊन चढलं तशा माद्या कामाला लागल्या. कळीवर टेकायचं, पोट वाकवायचं, एक अंडं, की पुढची कळी. अंडं खसखशीच्या दाण्याहून लहान, पांढुरकं हिरवट. भिंगाशिवाय दिसत नाही. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि थेट कळीत शिरते.

साडेदहा ते साडेबारा मोजणी. वीस झाडं, प्रत्येकाच्या कळ्या, फुलं, शेंगा. घाटे अळी ओळखायला सोपी, अर्धं अंग शेंगेबाहेर. पिसारी पतंगाची अळी केसाळ. शेंगमाशीची पांढरी अळी शेंग फोडल्याशिवाय कळत नाही. निळीची अळी चपटी, शंख नसलेल्या गोगलगायीसारखी, खाल्लं त्याप्रमाणे हिरवट किंवा तांबूस. डोकं एवढंसं आणि तेही आत ओढून घेतलेलं. भोक पडलेल्या कळ्या मी पूर्वी एकेक उघडत बसायची. आता आधी मुंग्या बघते.

काका मागं उभे होते. "मुंग्याच की ह्या, ताई. यांचंच औषध सांगा."

मुंग्या जमल्या होत्या त्या कळीच्या पाकळ्या मी बाजूला केल्या. आत अळी. तिच्या पाठीवर शेवटाकडे एक ग्रंथी असते, त्यातून गोड थेंब येतो. मुंगीनं मिशीनं थोपटलं की थेंब, मुंगी तो चाटते. बदल्यात अळीच्या अंगात अंडी घालायला आलेल्या बारक्या गांधीलमाशीला मुंग्या हुसकतात. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी राखणदार ठेवलेत हिनं!"

अशी दोनेक आठवडे कळ्या, फुलं, कोवळे दाणे खाऊन ती पानाआड नाहीतर खाली पाचोळ्यात कोष करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत महिनाभर. तुरीचा फुलोरा लांबतच जातो, त्यामुळे पुढच्या पिढीलाही कळ्या तयार असतात.

दुपारी १. बांधावर डबा. इंग्लंडमध्ये हीच निळी क्वचित, समुद्रावरून उडत येते. २०१३ साली बऱ्याच आल्या तेव्हा बघायला माणसं कॅमेरे घेऊन धावली. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडनं न्या म्हणावं, फुकट."

तीनला कामगंध सापळे. प्रत्येकात घाटे अळीचे चार-पाच नर पतंग. सलग दोन-तीन दिवस आठ-दहा सापडू लागले की धोका. निळी यात कधीच येत नाही, कारण तो गंधच तिचा नाही. तिच्यासाठी कळ्याच मोजाव्या लागतात.

साडेचार. "मग मारू का फवारा?" अळी एकदा कळीत गेली की फवारा वरच राहतो, गाठायची ती अंड्यातून निघता-निघता. पाच टक्के निंबोळी अर्क सांगितला: पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून, साबणाचं पाणी घालून शंभर लिटर करायचा. काकू लगेच बादली शोधायला गेल्या.

रात्री ८. नोंदी भरल्या. आमच्या तक्त्यात निळीला वेगळा रकाना नाही, ती 'इतर' मध्ये जाते. आई वालाच्या शेंगा निवडत होती. एक भोकाची शेंग तिनं माझ्यापुढं धरली. "ही तुझीच ना गं?"

डबी रिकामी होतीच.