दोन शॉटमधली १५ मिनिटं

दिवाळीच्या फराळाला बसलो होतो. भाचीने विचारलं, "मामा, फ्यूजनवर काम करायचं तर परदेशीच जावं लागेल का?" ताईचा हात चकलीवरच थांबला. वडोदऱ्यातलं घर आधीच अर्धं रिकामं झालंय.

मी अमेरिकेतल्या सॅन दिएगोची गोष्ट सांगितली. तिथल्या डीथ्री-डी या टोकामॅकमध्ये तप्त प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून धरतात. एक शॉट जेमतेम काही सेकंदांचा, पुढचा साधारण १५ मिनिटांनी. तेवढ्यात मोजमापं तपासून पुढचा बेत ठरवायचा, आणि जाणकार मात्र गावोगाव विखुरलेले! म्हणून २००१ मध्ये 'नॅशनल फ्यूजन कोलॅबोरेटरी' हा प्रकल्प सुरू झाला. प्रिन्स्टनचा 'ट्रान्सप' हा सिम्युलेशन प्रोग्राम आपल्याकडे बसवायची गरज उरली नाही. आकडे तिकडे पाठवायचे, उत्तर मागवायचं. एकच आलेख वेगवेगळ्या शहरांतल्या पडद्यांवर एकदम बघता येऊ लागला. पुढे चीनच्या हफेईतल्या 'ईस्ट' यंत्रावरचे रात्रपाळीचे प्रयोग सॅन दिएगोकरांनी आपल्या दिवसाउजेडी, तिथूनच चालवले.

"म्हणजे घरूनच की!" ताई खूश.

तसं नाही गं. कंट्रोल रूममध्ये शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडतं, त्यातून बरंच उमगतं. ते पडद्यावर येत नाही. आणि यंत्र जवळून बघायलाच हवं.

गांधीनगरजवळ भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्था आहे, तिथे 'आदित्य-यू' टोकामॅक आहे. आपल्यापासून दोन-अडीच तास.

भाची म्हणाली, "आई, तू पण चल."