लोणारचं गुलाबी पाणी

जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं, तेव्हा आधी संशय आला शैवालावर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खरे करविते सापडले: खाऱ्या पाण्यात रमणारे हॅलोआर्किया. सूक्ष्मदर्शकाखाली हे बॅक्टेरियासारखेच दिसतात. पण ते आहेत आर्किया. आर्कियांचं घराणंच निराळं, हे कार्ल वूज यांनी १९७७ साली दाखवलं. उन्हाने पाणी आटलं, खारटपणा चढला की हॅलोआर्कियांची भरभराट होते. पेशींतलं गुलाबी रंगद्रव्य त्यांना प्रखर प्रकाशापासून जपतं. नमुन्यातले जीव तळाशी बसताच वरचं पाणी नितळ झालं. पावसाने खारटपणा उतरला की सरोवराचाही गुलाबी रंग ओसरू लागतो.