चिऊचे घर हाताला कसे लागते?

मुसळधार पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते आणि चिमणीचे मेणाचे घर टिकते, ही गोष्ट न ऐकलेले मराठी मूल विरळाच. पोलादपूरकडच्या मुलांना तर त्यातला पाऊस समजावून सांगावा लागत नाही. आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याशी, सावित्रीच्या काठी ती वाढतात.

आता एका वाडीवरच्या शाळेची कल्पना करा. एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळत आहेत. वर्गात एका मुलीला दिसत नाही, एका मुलाला ऐकू येत नाही आणि एका मुलाला कोणतीही गोष्ट समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. म्हणजे अशी मुले कोणत्याही वर्गात असू शकतात. विशेष शिक्षक अधूनमधून येऊन जातात. गोष्टीचा तास मात्र वर्गशिक्षकांचाच असतो. तेव्हा चिऊ-काऊची ही गोष्ट या तिघांपर्यंत कशी पोहोचेल?

एका मुलीचा अनुभव

न्यूझीलंडमध्ये १९७१ साली कुश्ला नावाची मुलगी जन्मली. गुणसूत्रांतील दोषामुळे तिला अनेक व्याधी होत्या. हातांवर ताबा नव्हता, लांबचे स्पष्ट दिसत नव्हते आणि रात्री झोप फार थोडी होती. हे जागरणाचे लांबलचक तास कसे घालवायचे, म्हणून ती चार महिन्यांची असल्यापासून आईवडील तिला मांडीवर घेऊन, पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचून दाखवू लागले. तिची बुद्धी मंद असावी असा डॉक्टरांचा अंदाज होता. पण चार वर्षांची होण्याआधीच भाषेत ती तिच्या वयाच्या सर्वसाधारण मुलांच्या पुढे होती. तिची आजी डोरोथी बटलर यांनी या साऱ्या नोंदींवर लिहिलेले पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले.

एका मुलीच्या अनुभवावरून नियम सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ती केली. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे दोन गट होते आणि दोन्ही गटांतले पालक मुलांना पुस्तके वाचून दाखवत. एका गटातल्या पालकांना मात्र वाचताना थांबायला, ‘हे काय करते आहे?’, ‘पुढे काय होईल?’ असे प्रश्न विचारायला आणि मुलाचे उत्तर वाढवून परत सांगायला शिकवले होते. एका महिन्यानंतर शब्द आणि वाक्ये बोलण्याच्या चाचण्यांत हा गट सहा ते साडेआठ महिन्यांनी पुढे होता. ही मुले सर्वसाधारण होती. पुढे भाषा उशिरा येणाऱ्या मुलांसाठीही ही पद्धत वापरली गेली. म्हणजे किती वाचले याइतकेच, वाचताना मुलाला किती वाव दिला हेही महत्त्वाचे आहे.

बोटांनी पाहणे

डोळ्यांना चित्र एकदम दिसते. बोटांना ते तुकड्यातुकड्याने कळते आणि ते तुकडे मनात जुळवावे लागतात. म्हणून चिमणीच्या चित्राची नुसती उठावदार बाह्यरेषा काढून दिली, तर न दिसणाऱ्या मुलीला त्यातून चिमणी कळेलच असे नाही. ती रेषा म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या चिमणीची खूण आहे. हाताला लागणारी चिमणी वेगळी असते.

त्यापेक्षा एका पिशवीत खऱ्या वस्तू भरा. मेणबत्तीचा तुकडा, वाळलेली गोवरी, गवताच्या काड्या, एखादे पीस, जमल्यास छोटे इरले. गोष्टीत ज्या वस्तूचा उल्लेख येईल ती मुलीच्या हातात द्या. मग मेण आणि गोवरी पाण्यात ठेवून थोड्या वेळाने साऱ्या वर्गाला चाचपायला सांगा. गोवरीत न पचलेल्या गवताचे तंतू असतात. त्यांच्यामधल्या फटींत पाणी शिरते आणि ती मऊ पडते. मेणाचे रेणू पाण्याला जवळ करत नाहीत, म्हणून मेण तसेच राहते. न दिसणाऱ्या मुलीसाठी केलेली ही तयारी सगळ्यांसाठीच विज्ञानाचा तास होते.

पुढे ती स्वतः वाचू लागेल ती ब्रेलमध्ये. सहा टिंबांच्या मांडणीतून ६३ आकृत्या होतात. एक मांडणी बोटाच्या टोकाखाली मावते. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ मध्ये स्वीकारली गेली. तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात. ‘चिऊ’ लिहिताना आपण वेलांटी ‘च’च्या आधी काढतो, ब्रेलमध्ये मात्र आधी ‘च’ आणि मग ‘इ’. तिची चूक तपासताना हे लक्षात ठेवावे.

डोळ्यांनी ऐकणे

बहुसंख्य कर्णबधिर मुलांच्या आईवडिलांना ऐकू येते. त्यांना खुणांची भाषा येत नसेल, तर घरी झोपताना सांगितली जाणारी गोष्ट या मुलांपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे शाळेतली गोष्ट ही कदाचित त्यांची पहिलीच गोष्ट असते.

अशा मुलाला एकाच वेळी चित्र आणि तुमचा चेहरा पाहता येत नाही. आधी चित्र दाखवा, थांबा, त्याने मान वर केली की मग बोला आणि खुणा करा. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, कारण तोंडावर अंधार पडला की ओठ दिसत नाहीत. कावळा दार वाजवतो तेव्हा बाकावर थाप मारा आणि मुलाचा तळहात त्याच बाकावर ठेवा. कंपने हाताला कळतात.

पुन्हा पुन्हा तेच

कावळा पुन्हा पुन्हा दार ठोठावतो, चिमणी दर वेळी थांबायला सांगते. एका वेळी मनात थोडेच धरून ठेवता येणाऱ्या मुलाला ही पुनरावृत्ती आधार देते. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याला बोलण्यात सामील होता येते. एकच गोष्ट आठवडाभर रोज सांगायला संकोच वाटू देऊ नका. हाताने पान उलटता येत नसेल, तर प्रत्येक पानाच्या कडेला आइस्क्रीमची काडी चिकटवा.

स्वमग्न मुले पुष्कळदा गोष्ट शब्दशः घेतात. काही जण सांगतात त्या शेवटात कावळ्याला चटका बसतो. तो शेवट अशा मुलाला भीतिदायक वाटू शकतो. त्यांच्यासाठी १९९१ मध्ये अमेरिकेत कॅरोल ग्रे यांनी नेहमीच्या प्रसंगांवर छोट्या गोष्टी लिहिण्याची रीत सुरू केली. ‘पावसात एसटी उशिरा येते. तोवर मी बाईंजवळ बसतो.’ एवढीही गोष्ट पुरते.

इथे आणखी एका गोष्टीचे भान हवे. जुलै २०२१ मध्ये साखर सुतारवाडी, केवनाळे आणि शेजारच्या महाड तालुक्यात तळिये येथे दरडी कोसळून माणसे गेली. या परिसरात घर वाहून जाणे ही नुसती गंमत नाही. मूल गप्प झाले, तर तिथेच थांबावे.

पुस्तके कोठून आणायची?

स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे ब्रेल किंवा ध्वनिरूप विनानफा तत्त्वावर करता येते. अशा पुस्तकांची देशादेशांत देवाणघेवाण व्हावी म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये.

पण पुस्तके येईपर्यंत थांबायचे कारण नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना एक पिशवी, एक गोष्ट असे काम द्या. उमरठ याच तालुक्यात असल्यामुळे तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट इथे घरोघर सांगितली जाते. तिच्या पिशवीत काय काय घालावे लागेल, याची यादी मुलांकडूनच करवून घ्या. आणि कोणत्या दिवशी कोणत्या मुलाने पहिल्यांदा प्रतिसाद दिला, ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. महिन्यानंतर ती वही पुन्हा वाचून पाहा.