नाण्याचे मोल: वय, चकाकी आणि वस्तुस्थिती

संग्रहणीय नाण्याची किंमत त्याचे वय, त्यातील धातूचे वजन आणि त्याची चकाकी यांवर ठरते, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु नाणेशास्त्रात, म्हणजे नाण्यांवरील लेख, चिन्हे, धातू आणि घडणीची पद्धत यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, या तिन्ही गोष्टींना दुय्यम स्थान आहे. त्या विशिष्ट प्रकारचे किती नग आज शिल्लक आहेत, त्यांपैकी किती चांगल्या अवस्थेत आहेत आणि ते मिळवू पाहणारे संग्राहक किती आहेत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून बाजारातील किंमत आकाराला येते. नाण्याचे ऐतिहासिक मोल मात्र त्याहून वेगळे असते आणि ते बहुतांशी नाण्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे टांकसाळीने आणि काळाने त्यावर ठेवलेल्या खुणांमध्ये साठलेले असते. या खुणा एकदा पुसल्या गेल्या की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत, म्हणूनच या विषयातील गैरसमज निरुपद्रवी ठरत नाहीत.

‘जितके जुने तितके मौल्यवान’ हा यांतील सर्वांत दृढ समज. इसवी सनापूर्वीच्या शतकांत चलनात असलेली चांदीची आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर सूर्य, डोंगर, झाड अशी चिन्हे एकेक करून ठोकलेली कार्षापणे, दोन हजारांहून अधिक वर्षांची आहेत. तरीही ती मातीच्या भांड्यांत पुरलेल्या निधींमधून इतक्या मोठ्या संख्येने मिळाली आहेत की त्यांतील सर्वसाधारण प्रकार आजही बेताच्या उत्पन्नाच्या संग्राहकाच्या आवाक्यात आहेत. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया अजून शंभर वर्षांचाही झालेला नाही, पण त्याचे नग इतके विरळ आहेत की त्याला त्या कार्षापणांच्या कित्येक पटींनी अधिक किंमत मिळते, आणि म्हणूनच दुसऱ्या वर्षाच्या रुपयावरील शेवटचा आकडा कोरून बदललेले बनावट १९३९ चे रुपयेही बाजारात फिरतात.

नाण्यावरील सालाविषयीही असाच घोटाळा होतो. राणी व्हिक्टोरियाच्या मुद्रेचा १८६२ सालचा रुपया ज्या घरात असतो, तेथे तो दीडशे वर्षांचा दुर्मीळ ठेवा मानला जातो. प्रत्यक्षात १८६२ हे साल कायम ठेवूनच १८७४ पर्यंत हे रुपये पाडले जात होते. मुंबई टांकसाळीच्या अनेक नगांवर तारखेलगत जे बारीक ठिपके दिसतात, ते नाणे प्रत्यक्ष कोणत्या वर्षी पडले हे ओळखण्यासाठी योजलेले होते असे मानले जाते. त्यामुळे १८६२ चा साधा रुपया विपुल आहे आणि जाणकार संग्राहकाचे लक्ष सालाकडे नसून त्या ठिपक्यांच्या मांडणीकडे व मुद्रेतील सूक्ष्म फरकांकडे असते. ब्रिटिश काळातील प्रमाण रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमके एक तोळा, आणि त्यातील शुद्ध चांदीचे प्रमाण सुमारे ९१.७ टक्के होते. विपुल सालांच्या झिजलेल्या रुपयाला साधारणपणे या चांदीच्या आसपासच भाव मिळतो. पुढे १९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले आणि १९४७ चे रुपये तर निकेलचे आहेत, त्यामुळे जुना रुपया म्हणजे चांदीचाच रुपया हेही गृहीत धरता येत नाही.

फसवणुकीला सर्वाधिक वाव मिळतो तो देवदेवतांच्या प्रतिमा असलेल्या ‘ईस्ट इंडिया कंपनी’च्या तथाकथित नाण्यांमुळे. एका बाजूस रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूस कंपनीचे नाव, अर्धा आणा हे मूल्य व १८१८ हे साल असलेले तांब्याचे तुकडे हे कधीही चलनात नव्हते. ती पुढील काळात भाविकांसाठी आणि भोळ्या ग्राहकांसाठी तयार केलेली पदके आहेत. कंपनीचे संपूर्ण ब्रिटिश अमलासाठीचे एकसारखे चलन १८३५ मध्ये सुरू झाले आणि त्यातील तांब्याच्या नाण्यांवर कंपनीचे मानचिन्ह आहे, देवता नाही. असे तुकडे तांदळाचे दाणे ओढून घेतात व म्हणून ते कोट्यवधी रुपयांचे आहेत, अशी बतावणी करून आजवर अनेकांना गंडवले गेले आहे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली २०१२ ची पाच व दहा रुपयांची नाणी लाखो रुपयांना विकली जातात, ही वार्ताही त्याच जातीची असून ही नाणी चलनात मोठ्या संख्येने आली होती. तारखेखालील छोटा चौकट हिरा दुर्मीळतेची खूण समजला जातो, परंतु ती केवळ मुंबई टांकसाळीची खूण आहे. हैदराबादची खूण तारा, नोएडाची ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यांवर खूणच नसते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून स्पष्ट केले की बँक जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही. जुने नाणे विकत घेण्यासाठी आधी ‘नोंदणी शुल्क’ मागणारी व्यक्ती फसवणूकच करत असते, हे निःशंकपणे म्हणता येते.

तथापि फसवणुकीने पैसे जातात, नाणे जात नाही. नाण्याचा खरा नाश होतो तो स्वच्छतेच्या हेतूने. महाराष्ट्रातील असंख्य घरांत लक्ष्मीपूजनासाठी जपलेले चांदीचे रुपये दरवर्षी चिंच, राख, लिंबू किंवा भांडी उजळण्याच्या भुकटीने घासले जातात आणि ते लखलखू लागले म्हणजे त्यांचे मोल वाढले, असे मनापासून मानले जाते. पूजेतील नाणे ही श्रद्धेची वस्तू आहे आणि तेथे कोणाचा आक्षेप असू नये. पण तेच नाणे संग्राहकापुढे येते तेव्हा वस्तुस्थिती उलट असते. यंत्राच्या प्रचंड दाबाखाली कोऱ्या चकतीवर ठसा उमटतो तेव्हा धातू किंचित वाहतो आणि मध्यापासून काठाकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा त्याच्या पृष्ठभागावर राहतात. न वापरलेला रुपया दिव्याखाली हळूहळू फिरवला असता प्रकाशाचे पट्टे केंद्राभोवती गरगर फिरताना दिसतात, ते या रेषांमुळे. यालाच टांकसाळीचे मूळ तेज म्हणतात. घासलेल्या रुपयावर हे पट्टे फिरत नाहीत. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यास राणीच्या गालावर आणि मोकळ्या पार्श्वभूमीवर एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसतात, अक्षरांच्या खाचांत भुकटीचा पांढरा थर अडकलेला असतो आणि उंचवट्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात. चांदीवर चढणारा काळसर, निळसर किंवा सोनेरी राप हा हवेतील गंधकाशी झालेल्या संयोगाचा पातळ थर असतो आणि तांब्यावरचा तपकिरी वा हिरवट थरही, तो घट्ट व स्थिर असेल तर, खालच्या धातूचे रक्षणच करतो. रसायनात बुडवून राप काढला तरी त्याबरोबर धातूचा थरही निघतो, म्हणून जुन्या, झिजलेल्या नाण्यावरील अवेळी चकाकी जाणकाराच्या मनात प्रथम संशयच निर्माण करते.

अपवाद एकच आणि तो ओळखणे महत्त्वाचे. तांबे व कांस्य यांच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत, नखाने सहज सुटणारी भुकटी येऊ लागली तर तो स्थिर राप नसून क्लोराइड क्षारांमुळे होणारा क्षय असतो. ओलाव्यात तो वाढत जातो आणि धातू आतून पोखरतो. असे नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे व उपचार संवर्धकाच्या, म्हणजे प्राचीन वस्तूंच्या रक्षणाचे प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाच्या, हातूनच करावा.

नाण्याच्या प्रतवारीविषयीचे समज अधिक बारीक आहेत. आज जगभर वापरली जाणारी १ ते ७० अंकांची पट्टी अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, ती मुळात त्या देशाच्या तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी. ७० अंकांचे नाणे १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे असावे, असा त्यामागील हिशेब होता. बाजाराने तो हिशेब केव्हाच मागे टाकला, अंक मात्र टिकले: ६० ते ७० म्हणजे चलनात न फिरलेले नाणे, त्याखाली क्रमाने झिजेच्या पायऱ्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन संस्थांनी नाण्यांची प्रत ठरवून ती कठीण प्लास्टिकच्या मोहरबंद डबीत देण्यास सुरुवात केली आणि भारतातील लिलावांतही अशा डब्या आता सर्रास दिसतात. डबीवरील अंक हे तज्ज्ञाचे मत असते, मोजमाप नव्हे. तेच नाणे पुन्हा पाठवले असता वेगळा अंक मिळू शकतो. ‘प्रूफ’ ही सर्वोच्च प्रत आहे हा समजही चुकीचा आहे, कारण घासून चमकवलेल्या ठशांनी व निवडक चकत्यांवर नाणे पाडण्याच्या विशेष पद्धतीचे ते नाव आहे आणि हाताळून खराब झालेले प्रूफ नाणेही असते.

यंत्राच्या नाण्यांसाठी घडलेली ही पट्टी हाताने पाडलेल्या नाण्यांना जशीच्या तशी लावली की मूल्यमापन बिघडते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हा लेख आहे, पण बहुसंख्य शिवरायांवर तो पूर्ण दिसत नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा असे आणि हातोड्याचा घाव नेहमी मध्यावर पडत नसे, त्यामुळे कडेची अक्षरे चकतीबाहेरच राहिली. ती झिजलेली नाहीत, मुळात उमटलीच नाहीत. म्हणून अशा नाण्यात झीज, ठशाची स्पष्टता, लेखाचा किती भाग चकतीवर आला आणि पृष्ठभागाची अवस्था या गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. याहून बोलके उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीचे आहे. क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी त्यात होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. नहपानाचा चेहरा सातवाहन चिन्हांखाली दबलेला असे एखादे नाणे केवळ प्रतवारीच्या नजरेने पाहिले तर विद्रूप ठरेल. इतिहासाच्या नजरेने मात्र तो एका राजाने दुसऱ्यावर मिळवलेल्या विजयाचा धातूतील पुरावा आहे आणि दख्खनच्या कालगणनेचा मोठा भाग त्यावर उभा आहे.

टांकसाळीतील चूक आणि नंतरची मोडतोड यांतही असाच विवेक लागतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले असता पुढच्या चकतीवर त्याची उलटी, आत खचलेली प्रतिमा उमटते. असे नाणे संग्राहकांना हवे असते. दोन नाणी शिकंज्यात दाबून अशीच उलटी प्रतिमा मिळवता येते, परंतु तेव्हा दुसऱ्या बाजूची मुद्रा चपटी होते आणि खरी चूक असेल तर ती बाजू ठसठशीत राहते. भोक पाडलेले, कडी डाग देऊन बसवलेले किंवा तापवून वाकवलेले नाणे मात्र दोषमुद्रित नव्हे, ते नुसते खराब झालेले नाणे होय.

जतनाच्या बाबतीत लॅमिनेशन हा सर्वांत घातक आणि दुर्दैवाने लोकप्रिय उपाय आहे, कारण त्यातील उष्णता व चिकट थर नाण्याला कायमचे बाधतात. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटते आणि तांब्यावर हिरवा चिकट लेप चढतो. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र यांतून गंधक आणि कच्च्या लाकडाच्या कपाटांतून आम्लाची वाफ नाण्यापर्यंत पोहोचते, तर मुंबई-कोकणातील पावसाळ्यात ओलावा; सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलणे एवढाच त्यावर साधा उपाय आहे. नाणे नेहमी कडेने धरावे, आणि तेही मऊ कापडावर.

जमिनीत सापडलेली नाणी मात्र सापडणाऱ्याची आपोआप होत नाहीत: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ज्यांच्या घरी जुनी नाणी आहेत त्यांनी ती धुऊ नयेत, ती कोठून व कोणाकडून आली याची नोंद त्यांच्यासोबत लिहून ठेवावी, आणि विकण्यापूर्वी ती अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी किंवा एखाद्या संग्रहालयातील अभ्यासकाला दाखवावीत.