संपास बंदी, मग निकालास मुदत कां नसावी?

सन २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू झालेला एस. टी. कामगारांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळांत हिमायतनगरच्या पेठेनें काय सोसलें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. येथें आगगाडी आहे खरी. पण मुदखेड-आदिलाबादचे रूळ सोडून ती कोणाच्या खेड्यांत जात नाहीं. शाळेस येणारीं मुलें, दवाखान्यास निघालेलीं म्हातारीं माणसें, बाजाराचें गिऱ्हाईक, सर्वांची भिस्त एस. टी.वर. तेव्हां ‘संपवाल्यांनीं आमचा धंदा बसविला’ ही दुकानदाराची तक्रार आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं.

पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. पगार वेळेवर होत नव्हता. महामंडळ सरकारांत विलीन करावें ही मुख्य मागणी होती. निलंबनें झालीं, ‘मेस्मा’चा धाक घातला गेला, आणि २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं पगारवाढ जाहीर झाली: दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांस मूळ वेतनांत ५,००० रुपये, वीस वर्षांपर्यंत ४,००० व त्यापुढील जुन्या नोकरांस २,५००. आम्ही पुसतों, जी वाढ संप चिघळल्यावर देतां आली, ती संपापूर्वीं देण्यास कोणती अडचण होती? उशिरा दिलेला पैसा कामगारास न्याय वाटत नाहीं, आपल्या हट्टाचें फळ वाटतें. मग तो घरीं कशास जाईल? शेवटीं एप्रिल २०२२ मध्यें उच्च न्यायालयानें २२ तारखेपर्यंत रुजू होण्यास सांगितलें, तेव्हां संप मिटला.

महामंडळ नांवाला स्वतंत्र. परंतु तिजोरी सरकारची, कायदा सरकारचा, आणि तंट्यांत मध्यस्थही सरकारच. आम्हां वकिलांच्या भाषेंत, प्रतिवादीच न्यायासनावर बसलेला!

हा रोग आजचा नव्हे. १९३८ सालीं मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें औद्योगिक कलहाचें बिल आणिलें; समेटाचा खटाटोप पुरा होण्यापूर्वीं केलेला संप त्यानें बेकायदा ठरविला. डॉ. आंबेडकरांनीं कायदेमंडळांत कसून विरोध केला, ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला, गोळीबारही झाला. आमचा मुलूख तेव्हां निजामाच्या अमलाखालीं होता. स्वकीयांचें मंत्रिमंडळ आलें म्हणजे कामगारानें तोंड मिटावें, असा स्वराज्याचा अर्थ आम्ही राष्ट्रीय पक्षाचे असूनही केलेला नाहीं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनें संपापूर्वीं १४ दिवसांची नोटीस सर्वत्र सक्तीची केली. समेट फिसकटल्यास पक्षकारास स्वतः न्यायाधिकरणाकडे जातां येतें, ही सुधारणा आम्हांस मान्य आहे. परंतु वाट मोकळी होणें निराळें, निकाल पदरांत पडणें निराळें.

हिमायतनगरच्या व्यापारी मंडळींनीं पुढच्या संपाच्या वेळीं सरकारकडे अर्ज करावयाचाच तर केवळ ‘संप मोडा’ असा करूं नये. बंदीहुकुमाच्या त्याच कागदावर त्रयस्थ लवादाचें नांव व निकालाची तारीख असावी, आणि तो निकाल सरकारवरही बंधनकारक असावा, एवढें त्यांत अवश्य लिहावें.